पार्श्वभूमी : ग्रंथालयशास्त्राची माजी विद्यार्थी मंडळं आणि नाशिक

नाशिक जिल्ह्यात ग्रंथालयशास्त्र शिकलेली माणसं एका जागी सापडत नाहीत. कोणी कॉलेज रोडवरच्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, कोणी निफाड-येवल्याकडच्या गावात संध्याकाळी 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी अनुदानाच्या शेवटच्या श्रेणीतलं, वाचनालय उघडतं, कोणी शाळेत अर्धवेळ आहे, तर कोणी एखाद्या संस्थेचा संदर्भ विभाग सांभाळतं. त्यातलीच काही जण आपण शिकलो त्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मंडळावर बिनपगारी काम करतात. पदरमोड करून बैठकीला येतात, नव्या मुलांची मुलाखतीची तयारी करून घेतात, कुठे जागा निघाली की निरोप पोचवतात, अभ्यासक्रम बदलायचा असेल तेव्हा मत मांडतात. 'नॅक'ची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, समिती येणार म्हणून ही मंडळं निघाली, असा एक समज आहे. कागदावरच्या नोंदणीपुरता तो बऱ्याच अंशी खराही आहे. पण या कामामागची ओढ 'नॅक'पेक्षा फार जुनी आहे, आणि तिचा माग काढताना पहिल्यांदा याच जिल्ह्यातल्या एका गावात जावं लागतं.

मालेगाव तालुक्यातलं कवळाणे हे ते गाव. तिथे १८६३ साली जन्मलेला गोपाळ १८७५ मध्ये दत्तक गेला आणि बडोद्याचा सयाजीराव गायकवाड झाला. सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू झालं. पण शाळेत अक्षर ओळखायला शिकलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तकच पडलं नाही, तर शिकलेलं पुसलं जातं. म्हणून शाळेच्या पाठोपाठ गावोगाव ग्रंथालयं काढण्याचं त्यांनी ठरवलं आणि १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून घेतलं.

बॉर्डन हे मेल्विल ड्यूई यांच्या परंपरेतले. ड्यूईंनी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपाल घडवणारी शाळा काढली होती. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते आणि त्यातल्या १७ स्त्रिया. स्त्रियांना प्रवेश देण्यावरून कॉलेजच्या विश्वस्तांशी त्यांचं बिनसलं आणि १८८९ मध्ये ती शाळा ऑल्बनीला हलली. हे इथे सांगायचं कारण एवढंच की, हा विषय शिकवणाऱ्या संस्थेचा कारभार कोणी हाकायचा, विश्वस्तांनी की त्या कामातल्या माणसांनी, हा वाद पहिल्या शाळेपासूनच सुरू आहे.

बॉर्डन यांनी १९११ मध्ये बडोद्यात प्रशिक्षणवर्ग सुरू केला. ग्रंथालयाच्या कामाचं रीतसर शिक्षण भारतात तिथून सुरू होतं. पुढच्याच वर्षी बडोद्यातून 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक निघू लागलं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. १९१३ मध्ये बॉर्डन परत गेले, तरी त्रैमासिक काही वर्षं चालू राहिलं. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. वर्ग संपला की शिकलेली माणसं पांगतात आणि एकेका गावात एकटी पडतात. वर्गीकरणात अडलं, दाखल नोंदवही कशी ठेवायची कळेना, समितीशी पटेना, तर विचारायचं कोणाला? कामातल्या माणसांना एकमेकांशी बोलत राहायला काहीतरी साधन लागतं, हे बडोद्यात पहिल्या दोन वर्षांतच लक्षात आलं होतं. आजची माजी विद्यार्थी मंडळं तीच गरज भागवायला बघतात.

आता नाशिक शहराकडे. इथलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं 'सावाना', १८४० मधलं. महाराष्ट्रात त्याआधीची वाचनालयं बोटांवर मोजण्याइतकी: रत्नागिरीचं १८२८ चं, अहमदनगरचं १८३८ चं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. इंग्रज अधिकारी आणि गावातली शिकलेली मंडळी यांच्या पुढाकाराने निघालेल्या या संस्था पुढे सभासदांच्या झाल्या, आणि सभासदांनी निवडून दिलेलं मंडळ त्या चालवू लागलं. सावानाची निवडणूक आजही पॅनेल उभी करून चुरशीने लढवली जाते. कुसुमाग्रजांसारख्या कवीनेही या वाचनालयाच्या कामात लक्ष घातलं. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी अशा माणसांनी आपला धंदा सांभाळून संध्याकाळचा वेळ वाचनालयाला द्यायचा, ही रीत नाशिकमध्ये पावणेदोनशे वर्षांत कधी मोडली नाही. या शहराचा मला ज्या गोष्टींबद्दल अभिमान आहे, त्यात ही फार वरची आहे.

पण या रीतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. महाराष्ट्रभर वाचनालयाच्या टेबलाच्या एका बाजूला बिनपगारी कार्यकारी मंडळ असे आणि दुसऱ्या बाजूला तुटपुंज्या पगाराचा ग्रंथपाल. निर्णय मंडळाने घ्यायचा आणि ग्रंथपालाने तो अमलात आणायचा. कोणती पुस्तकं घ्यायची, कपाटं खुली ठेवायची की देवघेवीच्या खिडकीतूनच पुस्तक द्यायचं, बालविभागाला जागा किती, यावर शिकलेल्या माणसाचं मत विचारलं जाईच असं नव्हतं. ग्रंथालयशास्त्राचा माजी विद्यार्थी एखाद्या मंडळावर सदस्य म्हणून बसतो तेव्हा ही मांडणी बदलते. एरवी सेवक म्हणून बैठकीत अहवाल वाचणारा माणूस तिथे ठरावाला सूचक किंवा अनुमोदक असतो.

कायद्यानेही ही जुनी मांडणीच पक्की केली होती. मुंबई सरकारने १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९४० मध्ये अहवाल दिला आणि मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंतची उतरंड सुचवली. अंमलबजावणी सुरू व्हायला १९४७ उजाडलं. मद्रासने १९४८ मध्ये कायदा करून ग्रंथालयांसाठी उपकर लावला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्यात उपकर नाही. आपल्याकडे सरकारने गावोगाव स्वतःची ग्रंथालयं काढली नाहीत. लोकांनी काढलेल्या नोंदणीकृत संस्थांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान द्यायचं ठरवलं. म्हणजे वाचनालय चालवायचं स्वयंसेवकांनीच, सरकार फक्त हातभार लावणार. या धोरणामुळे राज्यात हजारो वाचनालयं उभी राहिली, आणि याच धोरणामुळे ग्रंथपालाचा पगार अनुदानाच्या हप्त्यावर टांगलेला राहिला.

अनुदानाबरोबर प्रशिक्षित माणसाची गरजही आली. ग्रंथालय संघांनी प्रमाणपत्राचे वर्ग चालवले. मुंबई विद्यापीठाने १९४० च्या दशकात पदविका सुरू केली होती; पुणे विद्यापीठात १९५८ मध्ये ग्रंथालयशास्त्राचा विभाग निघाला आणि नाशिक जिल्हा त्याच विद्यापीठाखाली असल्यामुळे इथल्या अनेकांची वाट पुण्याकडे वळली. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली, मुख्यालय नाशिकला. त्याने या विषयाची पदवी दूरशिक्षणाने दिली आणि चित्र पालटलं. वाचनालयात दहा-पंधरा वर्षं नोकरी केलेल्या, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या, तालुका सोडून जाऊ न शकणाऱ्या माणसांना पदवी आवाक्यात आली.

माजी विद्यार्थी मंडळाच्या दृष्टीने मात्र हे शिक्षण अडचणीचं आहे. ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी एरवीच्या पदवीनंतर एका वर्षात होते. अभियांत्रिकीच्या मुलांसारखी चार वर्षं एकत्र जात नाहीत, वसतिगृहातली मैत्री नाही. वर्गातले निम्मे आधीच नोकरीत असतात. तास संपला की बस पकडतात. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने तर नाशिकचं मुख्यालय पाहिलेलंही नसतं. शिवाय पुष्कळ ठिकाणी हा अभ्यासक्रम कला-वाणिज्य महाविद्यालयातला एक छोटा विभाग असतो. अशा तुकड्यांतून निघालेली माणसं पुढे वर्षानुवर्षं मंडळासाठी रविवार देतात, ती कॉलेजच्या दिवसांच्या आठवणीसाठी नक्कीच नव्हे. त्यांना बांधून ठेवतं ते काम.

माजी विद्यार्थ्यांना कारभारात स्थान देण्याची कल्पना आपल्या विद्यापीठांत जुनी आहे. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने नोंदणीकृत पदवीधरांना सिनेटवर प्रतिनिधी निवडून देण्याचा हक्क दिला. आजच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्येच, पदवीधरांच्या दहा जागा आहेत. महाविद्यालयाच्या पातळीवर मात्र माजी विद्यार्थी बरीच वर्षं स्नेहमेळाव्यापुरते राहिले. बदल झाला तो १९९४ मध्ये 'नॅक' आल्यावर, आणि खरा जोर आला २०१७ च्या सुधारित चौकटीनंतर. त्यात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे गुण ठेवले आणि संघ नोंदणीकृत आहे का, हे विचारलं जाऊ लागलं. मग धावपळ झाली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य, घटना, उद्देशपत्र. पुढे १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद. आणि पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज. हा बदल अर्ज वेळेवर न भरल्यामुळे कागदोपत्री जुनंच मंडळ राहिलेल्या संस्था कमी नाहीत. ग्रंथपालांच्या मंडळाकडून निदान नोंदी चोख ठेवल्या जाव्यात, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही, आणि चांगल्या मंडळांत त्या तशा असतातही.

याच सुमारास महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ लागू झाला. त्याच्या कलम ९७ नुसार प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यावरच्या चार स्थानिक सदस्यांपैकी किमान एक माजी विद्यार्थी हवा. स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळावरही एक गुणवंत पदव्युत्तर माजी विद्यार्थी घेतात. कायद्याने दार उघडलं खरं, पण त्यातून आत जाणारा बहुधा मोठ्या शाखेचा असतो. हजारो विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात विकास समितीवरची ती एक जागा तीस-चाळीसांच्या ग्रंथालयशास्त्र विभागाच्या वाट्याला येणं अवघड. म्हणूनच या विभागांची स्वतःची मंडळं निघाली, काही नोंदणी करून, काही नुसत्या एकमेकांच्या शब्दावर.

ही मंडळं सगळ्यात उपयोगी पडली ती संगणकीकरणाच्या काळात. १९९१ मध्ये विद्यापीठांची ग्रंथालयं संगणकाने जोडणारा 'इन्फ्लिबनेट'चा कार्यक्रम सुरू झाला, ग्रंथालयाचा कारभार चालवणारं 'सोल' हे सॉफ्टवेअर महाविद्यालयांत आलं, मागोमाग त्याच कामाचं 'कोहा' आलं. वर्गात मात्र मुलं सूचीपत्रं हाताने लिहीत होती. नोकरीत पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनीच शिक्षकांना सांगितलं की मुलाखतीत आता 'कोहा' विचारतात. मराठी पुस्तकांचा प्रश्न तर फक्त त्यांनाच दिसत होता: जुन्या फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी युनिकोड ही सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत आल्यावर वाचता येईनाशा झाल्या आणि शीर्षक, लेखक, विषय पुन्हा टंकित करावे लागले. असं काम अंगावर घेतलेला माणूस शनिवारी दुपारी वर्गावर येऊन तासभर बोलतो, तेव्हा मुलांना पाठ्यपुस्तकात नसलेलं मिळतं. मंडळाच्या सदस्याने देणगी गोळा करण्याआधी हे करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरतो तो प्रश्न मंडळावर बसतं कोण याचा. बिनपगारी पद परवडतं ते ज्याचा पगार चालू आहे त्याला, किंवा निवृत्तिवेतन आहे त्याला. त्यामुळे मंडळांवर अनुदानित महाविद्यालयांचे ग्रंथपाल आणि निवृत्त मंडळी जास्त दिसतात. सुरगाणा किंवा पेठच्या वाचनालयात काम करणाऱ्या पदवीधराला नाशिकच्या बैठकीसाठी दिवसाचं काम बुडवून एसटीचं भाडं खर्चावं लागतं. तो क्वचितच येतो, आणि महिला ग्रंथपाल त्याहून क्वचित, जरी वर्गात मुली भरपूर असतात. करोनाच्या काळात बैठका मोबाइलवर होऊ लागल्या तेव्हा दूरची माणसं बोलू शकली. काही ठिकाणी तेवढं एक चांगलं वळण टिकलं आहे. घटनेत सार्वजनिक वाचनालयांतल्या ग्रंथपालांसाठी दोन-तीन जागा राखून ठेवणं, प्रवासखर्च संस्थेने देणं आणि सदस्यत्वाची मुदत तीन वर्षांची करून सलग दोनदाच निवडून येण्याची अट घालणं, हे तीनही बदल सर्वसाधारण सभेच्या ठरावाने आणि घटनादुरुस्तीने होऊ शकतात. त्यासाठी कोणत्याही सरकारी परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.