हिंजवडी म्हणजे डोकं आणि भोसरी म्हणजे हात?

‘पुणं आता ज्ञानाधारित अर्थव्यवस्था झालंय’ असं कुणी म्हटलं की डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात. आयटी कंपन्यांची हिंजवडी डोक्याची, कारखान्यांची भोसरी-चाकण हातांची, अशी वाटणी आपण कधीच करून टाकलीय. यात दोन गोष्टींची गल्लत होते. आयटी हा एक उद्योग आहे. ज्ञानाधारित असणं ही काम करायची रीत आहे, ती कुठल्याही उद्योगात असू शकते. आयटी पाटीवरून ओळखू येते, ही रीत ओळखायला आत जावं लागतं.

भोसरीतल्या एखाद्या छोट्या मशीनशॉपमध्ये सकाळच्या पाळीला जाऊन बघा. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं मशीन, अजून गार असतं. मशीन लावून देणारा सेटर पहिले दोन-तीन जॉब, म्हणजे सुटे भाग, काढतो, बोअरगेजने भोकाचं माप घेतो, ऑफसेट देतो, म्हणजे चूक असेल तेवढी हत्याराची जागा सरकवतो. पुढे स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, तापतो, माप काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) सरकतं. मुरलेला सेटर रिजेक्शन निघायची वाट बघत नाही, आधीच ऑफसेट बदलतो, कारण हे मशीन कधी किती सरकतं ते त्याला पाठ असतं. याला हाताचं काम म्हणायचं आणि ठरलेलं उत्तर चिकटवून तक्रार बंद करणाऱ्या सपोर्ट डेस्कला ज्ञानाचं? मला नाही पटत.

अर्थात कारखाना आहे म्हणून तिथे ज्ञान असेलच असंही नाही. ग्राहकाने ड्रॉइंग द्यायचं, आपण तेवढंच करून पाठवायचं आणि त्याने भाव पाडला की मान डोलवायची, असं जॉबवर्क करणारे रग्गड आहेत. ड्रॉइंगमध्ये बदल सुचवायची ऐपत आली की चित्र पालटतं. ट्रकसाठी ओळखल्या जाणाऱ्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1998 मध्ये इंडिका ही कार दाखवली. रूपड्याला इटलीतल्या स्टुडिओची मदत होती, निसानचा ऑस्ट्रेलियातला बंद कारखाना विकत घेऊन पुण्यात आणला होता, पण गाडी घडवायचं इंजिनिअरिंग इथलं होतं.

कोविडवरच्या कोविशील्ड लशीचंही तसंच. शोध ऑक्सफर्डचा, पण कृती हातात आली म्हणजे लस झाली असं नसतं. पेशी वाढवायच्या, त्यांत विषाणू वाढवायचा, तो शुद्ध करायचा आणि प्रत्येक बॅच आधीच्या बॅचसारखीच उतरवायची. ही लस पुण्यात बनवणाऱ्या, 1966 मध्ये सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटने घोड्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचं औषध काढण्यापासून हा हात बसवत आणला होता.

आणि हिंजवडीतच मुख्यालय असलेली केपीआयटी गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. तिला आयटीत धरायचं की गाड्यांच्या धंद्यात?