भेरूघाटाचा भागाकार

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं, सिमरोल मागे पडलं की भेरूघाट येतो. माझ्या भाच्याला लायसन मिळायला अजून दोन वर्षं आहेत, म्हणून त्यानं गाडी चालवायचा गेम लिहून घाट लॅपटॉपवरच बांधायला घेतला. पहिला प्रश्न, "मामा, घाटाचं थ्रीडी मॉडेल कुठून आणायचं?"

मॉडेल नकोच होतं. भागाकार पुरेसा होता.

समजा डोळा रस्त्यापासून १.५ मीटर उंच आहे. ही उंची ५०० नं गुणायची आणि अंतरानं भागायचं. येईल तितके पिक्सेल क्षितिजाच्या खाली तो रस्ता काढायचा. १० मीटरवरचा रस्ता ७५ पिक्सेल खाली येतो, १०० मीटरवरचा साडेसात, २०० मीटरवरचा पावणेचार. रुंदीलाही तोच भागाकार: ७ मीटरचा रस्ता १० मीटरवर ३५० पिक्सेल, १०० मीटरवर फक्त ३५. आडव्या ओळी अशा एकाखाली एक रंगवत आलं की समोर रस्ता पसरतो. तो ५०० चा आकडा म्हणजे नजर किती फाकलेली आहे त्याचं माप. तो कमी केला की कडेची झाडं जास्त झपाट्यानं मागे पळतात आणि गाडी आहे त्याच वेगात सुसाट वाटते. आजची महागडी ग्राफिक्स कार्डंही प्रत्येक बिंदूला हाच भागाकार करतात, फक्त सेकंदाला अफाट वेळा.

१९७६ साली अटारी कंपनीच्या 'नाइट ड्रायव्हर' या गेमनं तर रस्ताही काढला नव्हता. काळा पडदा आणि दोन्ही कडांना पांढरे खुंट, बस्स. रात्र आहे म्हटलं की निम्मं काम वाचतं! नामको कंपनीचा 'पोल पोझिशन' १९८२ मध्ये आला, त्यात रंगीत रस्ता होता.

भाच्याला सगळ्यात जास्त चक्रावलं ते वळणानं. अशा गेममध्ये गाडी वळतच नाही. रस्त्याचे छोटे तुकडे करायचे आणि पुढचा प्रत्येक तुकडा बाजूला थोडा जास्त सरकवायचा: १, ३, ६, १०, १५. सरकण्यातली वाढ दर वेळी एकानं जास्त, म्हणून सरळ तुकड्यांचीच कमान दिसते. मागचे डोंगर उलट दिशेला हळूच सरकवले की डोळा पुरता फसतो. उरला तो गाडीला बाहेर ढकलणारा जोर, तो वेगळा घालावा लागतो. खऱ्या घाटात वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. आम्ही तसंच ठेवलं आणि पहिल्या दिवशी भाचा अकरा वेळा दरीत गेला.

माझ्याकडे तर गाडी आवरेचना. त्याची स्क्रीन सेकंदाला ६० चित्रं दाखवते, माझी १४४, आणि त्यानं दर चित्राला ठरावीक अंतर पुढे जायचं असं लिहिलं होतं. म्हणून माझी गाडी जवळजवळ अडीचपट पळत होती. दोन चित्रांमध्ये गेलेला वेळ मोजून वेगाला त्या वेळेनं गुणायचं असतं. ही चूक प्रत्येक जण एकदा करतोच.

मग लांबवरचा रस्ता मुंग्या आल्यासारखा चमचमायला लागला. वेग जाणवावा म्हणून आम्ही गडद-फिके पट्टे घातले होते. पण ३ मीटरचा पट्टा १५० मीटरवर एका ओळीच्या जेमतेम दहाव्या हिश्शात मावतो, आणि त्या ओळीला कुठला रंग मिळेल ते दर चित्राला बदलतं. यावर उपाय घाटातच होता, पावसाळ्यातलं धुकं! दर ५० मीटरला निम्मा रंग धुक्यात मिसळायचा. १५० मीटरवर एक अष्टमांश उरतो आणि चमचम गुपचूप विरते. खरं धुकंही साधारण असंच वागतं, सारख्या अंतराला सारखा हिस्सा खातं.

शेवटी चढ. चढापलीकडचा ट्रक डोंगरातून आरपार दिसू लागला. संगणकशास्त्रज्ञ एडविन कॅटमल यांनी १९७४ मध्ये युटा विद्यापीठातल्या प्रबंधात प्रत्येक पिक्सेलचं अंतर लक्षात ठेवण्याची युक्ती मांडली होती, पण आम्हाला इतकं लागलं नाही. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या अलीकडच्या चढाची वरची ओळ नोंदवली आणि तिच्याखाली येणारा ट्रकचा भाग छाटला. आता आधी ट्रकचं टप दिसतं, मग काच, मग चाकं.

ताईनं दोन मिनिटं पाहिलं. म्हणाली, "आंधळं वळण आहे, आणि हॉर्न कुठाय रे?"