ॲटर्नी जनरलचा लेखी अभिप्राय मिळायचा कसा? (अमेरिका, १७८९ ते १८२९)

तुम्ही चार्ल्सटन बंदरावर जकातीचे कलेक्टर आहात. धक्क्याला लागलेलं जहाज सोडावं की अडवावं, हे कायदा वाचून उलगडत नाही. अशा वेळी ॲटर्नी जनरलला थेट पत्र लिहून उपयोग नव्हता. तो सरकारचा वकील होता, पण सरकारातल्या प्रत्येक नोकराचा नव्हता.

सगळ्याचा पाया २४ सप्टेंबर १७८९ चा न्यायव्यवस्था कायदा. त्याच्या अगदी शेवटच्या, ३५ व्या कलमात हे पद येतं. कामं दोनच: सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणं आणि कायद्याच्या प्रश्नांवर अभिप्राय देणं. अभिप्राय कोणी मागायचा, हेही तिथेच लिहिलं आहे. राष्ट्राध्यक्षांनी फर्मावलं तर द्यायचा. खातेप्रमुखाने विनंती केली तर द्यायचा, तोही त्याच्या खात्याशी संबंध असलेल्या बाबीवरच. फर्मावणं आणि विनंती हा शब्दांतला फरक मुद्दाम लक्षात ठेवावा.

कोण पात्र, कोण नाही

पात्र म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि परराष्ट्र, वित्त, युद्ध या खात्यांचे प्रमुख. १७९८ पासून त्यांत नौदल खात्याची भर पडली. यादी एवढीच. पण सुरुवातीची जवळजवळ तीस वर्षं ती कोणी फार काटेकोर पाळली नाही, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समित्याही प्रश्न पाठवत. १८१७ च्या अखेरीस विल्यम वर्ट पदावर आले. त्यांनी कलम वाचलं आणि मार्च १८१८ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या) न्याय समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून पदाच्या अधिकारांची हद्द मांडली. १८२० मध्ये तर खुद्द प्रतिनिधीगृहाने पाठवलेलं प्रकरणही त्यांनी अभिप्राय न देता परत केलं. त्यांचा मुद्दा साधा होता: कायद्याने जे काम सोपवलेलं नाही, ते पदाच्या नावाने करणं हेच बेकायदा.

मग कलेक्टरने काय करायचं? वरिष्ठांमार्फत जायचं. पत्र वित्त खात्याकडे, म्हणजे सचिवाकडे (अमेरिकेत खातेप्रमुखाला सचिव म्हणतात) किंवा हिशेब बघणाऱ्या कंट्रोलरकडे जाई. बहुतेक प्रश्न तिथेच मिटत आणि उत्तर परिपत्रकाच्या रूपाने येई. युरोपातल्या युद्धात तटस्थ कसं राहायचं, याचे नियम वित्त सचिव अलेक्झांडर हॅमिल्टनने कलेक्टरांना ४ ऑगस्ट १७९३ च्या परिपत्रकाने कळवले होते. प्रश्न खरोखरच अडला आणि सचिवाला पटलं, तरच तो सचिवाच्या सहीने ॲटर्नी जनरलकडे पोहोचे. घाई असेल तर जवळच्या जिल्हा सरकारी वकिलाला विचारायचं. त्याचं काम मुख्यतः फीवर चाले, आणि तो ॲटर्नी जनरलच्या हाताखालीही नव्हता. त्यामुळे एकाच कायद्याचा अर्थ दोन बंदरांत दोन तऱ्हांनी लागायला वाव होता. एडमंड रँडॉल्फ या पहिल्या ॲटर्नी जनरलने डिसेंबर १७९१ मध्येच हे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला कळवलं आणि एक कारकूनही मागितला. पत्र काँग्रेसकडे गेलं आणि तिथेच राहिलं. कारकून मिळाला १८१८ मध्ये, वर्षाला १,००० डॉलरवर.

कागद कोणते जोडायचे

पहिली गोष्ट, वस्तुस्थितीचं निवेदन. काय घडलं, हे खात्याने स्वतः ठरवून लिहून द्यायचं. कागदांचा गठ्ठा पाठवून ‘यात काय करावं?’ असं विचारलं की प्रकरण अडकलंच समजा. साक्षीपुरावे चाळून खरं-खोटं ठरवणं हे ॲटर्नी जनरलचं काम नाही, असं वर्ट स्पष्ट सांगत. दुसरी गोष्ट, त्या वस्तुस्थितीवरून उठणारा कायद्याचा नेमका प्रश्न. सोबत संबंधित कायदा, करार किंवा आदेश.

वेळेचा हिशेब मात्र आधीच करावा. या पदाचा सुरुवातीचा पगार १,५०० डॉलर, परराष्ट्र आणि वित्त सचिवांच्या निम्म्याहूनही कमी. उरलेलं पोट खासगी वकिलीवर भरावं, असंच गृहीत होतं. ॲटर्नी जनरल विल्यम पिंकनी तर बाल्टिमोरला राहून काम पाहत. राजधानीत राहण्याची सक्ती होणार असं दिसताच १८१४ मध्ये त्यांनी पद सोडलं. पत्राचं उत्तर उशिरा येण्याचं कारण अनेकदा एवढंच असे.

अभिप्राय मिळाला म्हणजे तो बंधनकारक झाला, असंही नाही. १४ फेब्रुवारी १७९१ ला राष्ट्रीय बँकेचं विधेयक वॉशिंग्टनसमोर आलं. सहीसाठी रविवार वगळून दहा दिवस. रँडॉल्फने विधेयक घटनाबाह्य ठरवलं, परराष्ट्र सचिव जेफरसननेही. वॉशिंग्टनने ते दोन्ही अभिप्राय हॅमिल्टनकडे धाडले, त्याचं लांबलचक उत्तर २३ तारखेला आलं आणि २५ ला सही झाली. ॲटर्नी जनरलचं मत बाजूला पडलं.

न्यायमूर्तींकडून सल्ला घेण्याची वाट १७९३ मध्ये बंद झाली. १८ जुलैला जेफरसनने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि फ्रान्सशी झालेले करार, खासगी लढाऊ जहाजं वगैरेंवर २९ प्रश्न पुढे ठेवले. ८ ऑगस्टला नकार आला: आम्ही अंतिम न्यायालयाचे न्यायाधीश, सल्ला घ्यायला घटनेने तुम्हाला खातेप्रमुख दिलेत. (भारतात अनुच्छेद १४३ मुळे राष्ट्रपतींना सर्वोच्च न्यायालयाचं मत मागता येतं. अमेरिकेत ती सोय आजही नाही.)

सर्वांत महाग पडणारी चूक

वरून आलेला आदेश आपल्याला वाचवेल, असं धरून चालणं. ९ फेब्रुवारी १७९९ च्या कायद्याने फ्रेंच बंदराकडे *जाणारी* अमेरिकन जहाजं अडवायची मुभा दिली. नौदल खात्याने मार्चमध्ये कॅप्टनांना सूचना काढल्या, त्यांत *येणारी* जहाजंही घातली. कॅप्टन जॉर्ज लिटलने डिसेंबरात ‘फ्लाइंग फिश’ पकडलं. ते जेरेमी या (आजच्या हैतीतल्या) फ्रेंच बंदरातून निघालेलं होतं, आणि वर डेन्मार्कच्या मालकाचं. सर्वोच्च न्यायालयाने १८०४ मध्ये निकाल दिला की सूचनेमुळे बेकायदा कृत्य कायदेशीर होत नाही. ८,५०४ डॉलर भरपाई लिटलच्या माथी आली, म्हणजे ॲटर्नी जनरलच्या मूळ पगाराच्या हिशेबाने पाच वर्षांहून जास्त कमाई. काँग्रेसने ते पैसे भरून दिले, पण १८०७ मध्ये. म्हणून परिपत्रक हातात आलं की त्याच्याशेजारी मूळ कायदा ठेवून शब्दाला शब्द ताडून बघायचा. कायद्यात नसलेला शब्द सूचनेत दिसला, तर अंमल करण्यापूर्वी लेखी विचारणा करायची.

शेवटी, नक्कल. वर्ट आले तेव्हा कार्यालयात आधीच्या अभिप्रायांची एकही वही नव्हती. नोंदवही त्यांनी सुरू केली. अभिप्रायांचा छापील संग्रह निघाला तो थेट १८४१ मध्ये. तेव्हा १८१७ पूर्वीचा अभिप्राय हवा असेल, तर तो देणाऱ्याच्या दप्तरात न शोधता मागणाऱ्या खात्याच्या पत्रव्यवहारात शोधावा.