पाचोळा जाळल्याने जागा निरोगी राहते का?

गावाने मिळून राखलेल्या छोट्या हिरव्या जागेबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो: पाचोळा आणि पडकी लाकडं गोळा करून जाळली, की जागा निरोगी राहते. हेतू चांगलाच आहे. पण मातीची गरज वेगळी आहे.

गळलेल्या पानांतलं अन्नद्रव्य बुरशी, जिवाणू, गांडुळं हळूहळू मातीत परत नेतात. पानं जाळली की त्यातला बराचसा नत्र धुरासोबत उडून जातो. शिवाय पाचोळ्याखाली ओल टिकते, किडे वाढतात, आणि ते टिपायला पक्षी खाली उतरतात. कुजका ओंडका काठीने जरा कलता करून पाहा: बुरशीचे पांढरे धागे, गोम, मुंग्यांची लगबग. (पाहून झालं की तो होता तसाच ठेवा.)

ताडून पाहायचं असेल तर शेजारचे दोन तुकडे घ्या. एक झाडून ठेवा, दुसऱ्यावर चार बोटं पाचोळा पसरा. पाणी सारखंच द्या. काही दिवसांनी दोन्हीकडे बोट खुपसून ओल बघा.

सापांची भीती मात्र रास्त आहे. त्यासाठी पायवाटा, बाकांभोवतीची आणि मुलांच्या खेळण्याची जागा नियमित झाडावी. तिथला पाचोळा कडेच्या झाडांखाली सरकवला तरी पुरतं.