हृदंतस्तरशोथ, संसर्गजन्य

हृदयाचे कप्पे व झडपा यांच्या आतल्या पातळ अस्तराला हृदंतस्तर म्हणतात. रक्तातून आलेले जंतू, क्वचित कवके, त्यावर ठाण मांडतात तेव्हा हा विकार होतो. दवाखान्यात ‘एंडोकार्डायटिस’ हेच नाव रूढ आहे. ‘संसर्गजन्य’ म्हटले तरी तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. ल्युपस या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या विकारात दिसणारा निर्जंतुक प्रकार (लिबमन व सॅक्स यांनी १९२४ मध्ये वर्णिलेला) या नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे.

धडधाकट अस्तरावर जंतू सहसा टिकत नाहीत. गळक्या किंवा अरुंद झडपेपाशी रक्ताचा झोत आपटून अस्तर खरवडले जाते, तेथे बिंबाणू (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी) व फायब्रिन (गोठलेल्या रक्तातील तंतू) यांचा थर बसतो आणि त्यात जंतू अडकतात. पुढे झडपेच्या कडेला ठिसूळ पुंजके लोंबू लागतात. झडपेच्या पाळ्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसल्याने पांढऱ्या पेशी त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. म्हणूनच प्रतिजैविके बहुधा चार ते सहा आठवडे, मुख्यतः शिरेतून द्यावी लागतात.

तीव्र व अर्धतीव्र ही जुनी विभागणी प्रतिजैविकांपूर्वीच्या काळातली. रोगी साधारण सहा आठवड्यांच्या आत दगावला तर तीव्र, त्याहून अधिक तगला तर अर्धतीव्र, असा तो हिशेब होता. हल्ली झडप नैसर्गिक की कृत्रिम, बाजू डावी की उजवी आणि जंतू कोणता यांवरून प्रकार ठरवतात. उपचाराच्या दृष्टीने हेच अधिक सोयीचे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस काही दिवसांत झडप फाडू शकतो, तर तोंडात राहणारे व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकॉकस आठवडेच्या आठवडे रेंगाळतात. शिरेतून अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांत बहुधा उजवीकडची त्रिदली झडप बिघडते. कवकजन्य प्रकार विरळा, पण घातक असतो.

ताप हे मुख्य लक्षण. बारीक कणकण, रात्री घाम, वजन घटणे एवढ्यावरच महिना निघून जातो. हृदयात नवी मर्मर (रक्तप्रवाहाचा जादा आवाज) ऐकू आली की संशय बळावतो. पुंजक्याचा तुकडा सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. झडप निकामी झाल्यास दम लागतो.

त्वचेवरील खुणांबद्दल मात्र बरेच लिहिले गेले आहे. नखाखाली काडी रुतल्यासारखी तांबूस रेघ दिसते, पण ती साध्या इजेनेही उमटते. बोटांच्या पेरांवरील वाटाण्याएवढ्या, दाबताच कळ आणणाऱ्या गाठींना वैद्य विल्यम ऑस्लर यांचे नाव मिळाले. त्यांनी स्वतः १९०९ च्या लेखात त्यांचे श्रेय कॅनडातील हॅमिल्टनच्या डॉ. मलिन यांना दिले होते. तळहात-तळपायांवरील न दुखणारे डाग जेनवे यांच्या नावाने ओळखतात. डाग जंतुयुक्त कणांमुळे आणि गाठी प्रतिकारसंकुले (प्रतिपिंड व त्यांनी पकडलेले जंतूंचे अंश यांचे पुंज) साचल्यामुळे, असे पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु काही ताज्या गाठींतून जंतू वाढवता आले आहेत. त्यामुळे सुरुवात अडकलेल्या कणांनी होते व प्रतिकारप्रक्रिया मागाहून येते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रतिजैविके लवकर सुरू होऊ लागल्यापासून या खुणा कमी आढळतात.

निदानासाठी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ठरवलेले १९९४ चे ड्यूक निकष वापरतात. २००० व २०२३ मध्ये त्यांत सुधारणा झाली. मुख्य भर रक्तसंवर्धन (रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) व हृदयाची प्रतिध्वनी तपासणी (एकोकार्डिओग्राफी) यांवर असतो. रक्ताचे नमुने प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी घ्यावेत, नाहीतर जंतू वाढेलच असे नाही. झडप फार बिघडल्यास शस्त्रक्रिया करतात.