योजना बांधण्याआधी वीजबिल मोजा

सरपंच, पाणीपुरवठा समितीचे सदस्य आणि गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी माहितीपत्रक

गावात नवी टाकी उभी राहते, नारळ फुटतो, नळाला पाणी येते. दोन-तीन उन्हाळे जातात. मग बिल थकले म्हणून जोडणी तुटते, किंवा मोटार जळते आणि ती भरून आणायला पंचायतीकडे पैसे नसतात. कारण विचारले तर "वसुलीच होत नाही" असे उत्तर मिळते. ते खरे असले तरी अर्धेच आहे. पाणी किती उंच, किती लांबून आणि कोणत्या पाइपातून चढवायचे हे ज्या दिवशी कागदावर ठरले, त्याच दिवशी पुढच्या अनेक वर्षांचे बिलही ठरून गेले होते. तेव्हा ते कोणी मोजले नव्हते, एवढेच.

आम्ही पाणीयोजनांचे तांत्रिक सल्लागार. आमच्याकडे पाणीयोजनेचे काम आले की आम्ही आधी बिल मोजतो आणि तिथून मागे येतो. हे कसे, ते एका नमुन्याच्या गावावर पाहा.

दोन हजार वस्तीचे गाव

जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचे. २,००० माणसांना १ लाख १० हजार लिटर लागते. गळती आणि थोडी वाढ धरून १ लाख ३० हजार, म्हणजे १३० घनमीटर धरू. विहीर ओढ्याकाठी, टाकी गावठाणाच्या वरच्या अंगाला. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत ७० मीटर चढ आणि मधली लाईन २ किलोमीटरची.

ही लाईन ११० मिलिमीटरची टाकली तर घर्षणात आणखी साधारण १० मीटर दाब जातो, म्हणजे पंपाला चढ जणू तेवढा वाढतो. पंप चांगल्या स्थितीत असेल तर रोज ५१-५२ युनिट वीज लागते. म्हणजे महिन्याला सुमारे १,५५० युनिट. गावात ४०० घरे धरली तर घरामागे महिन्याला चार युनिटही नाहीत. हे कोणत्याही गावाला झेपते.

आता अंदाजपत्रकात काटकसर म्हणून कोणी ११० च्या जागी ९० मिलिमीटरचा पाइप घातला. घर्षण जवळजवळ तिप्पट होते आणि १० मीटरच्या जागी २९ मीटर दाब त्यातच जातो. साडेसात एचपीच्या जागी दहा एचपीची मोटार बसवावी लागते आणि वर्षाला साधारण साडेचार हजार युनिट जास्त जळतात. पाइपावर वाचलेले पैसे एकदाच वाचतात, ही वीज मात्र पाइप जमिनीत असेपर्यंत दरवर्षी जळत राहते. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर घेऊन गुणाकार करून बघा. पाणीयोजनेची लाईन साधारण ३० वर्षांचा आणि पंप १५ वर्षांचा विचार करून आखायचा असतो. तेव्हा पाइपात केलेली चूक दोन पंपांचे आयुष्य पुरते.

जुन्या योजनेत आणखी एक गळती असते, ती डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन वेळा भरलेली मोटार आणि झिजलेले इंपेलर (पंपातले पाणी ढकलणारे चक्र) असले की त्याच पाण्याला ५१ च्या जागी ८० युनिट लागू शकतात. पाणी टाकीत पोहोचते, म्हणून कोणाची तक्रार नसते. आम्ही पाण्याचा प्रवाह, दाब आणि मोटार ओढत असलेली वीज एकाच वेळी मोजतो. त्यावरून पंप बदलावा की राहू द्यावा हे अर्ध्या दिवसात कळते. (बहुतेक ठिकाणी "दहाची मोटार टाका, पाणी जोरात येईल" असा सल्ला आधीच मिळालेला असतो. विहिरीला पाणीच तेवढे नसेल तर मोठी मोटार फक्त लवकर कोरडी पडते.)

विहीर उन्हाळ्यात बघायची

महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलेला आहे. या खडकात पाणी वरच्या मुरमाच्या थरात आणि भेगांत साठते. त्यामुळे शेजारच्या बोअरला पाणी लागले म्हणून आपल्याला लागेलच असे नाही. जुलैत भरलेली विहीर पाहून योजना आखली की एप्रिलमध्ये टँकर येतो. म्हणून उपसा चाचणी आम्ही एप्रिल-मेमध्येच घ्यायला सांगतो. काही तास सलग उपसून पातळी किती खाली जाते आणि पंप थांबवल्यावर पाणी किती वेळात परत वर येते, ते लिहून काढतो. स्रोताबाबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा अभिप्राय लागतो. त्यासाठीची माहिती आणि नकाशे आम्ही तयार करून देतो. पाणाड्याला बोलवायचे की नाही हा गावाचा प्रश्न आहे, आमच्या अहवालात त्याचे कलम येणार नाही.

पाणी प्रयोगशाळेत तपासणेही याच टप्प्यावर हवे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. फ्लोराइड १ पर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. ही दोन्ही टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून जात नाहीत आणि पाणी उकळूनही जात नाहीत. टाकी बांधून झाल्यावर हे कळले तर फार उशीर होतो.

स्रोत टिकवायचा तर शेतीच्या उपशाचा विषय निघतोच. तिथे अभियंत्यापेक्षा ग्रामसभा मोठी. हिवरे बाजारने पावसाच्या आकड्यावरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची पद्धत पाडली. तुमच्या गावचा असा ताळेबंद आम्ही मांडून देऊ. कोणते पीक घ्यायचे आणि कोणते टाळायचे, हे मात्र गावानेच ठरवायचे.

सौरऊर्जा कधी घ्यावी

आधी गळती, पाइप आणि पंप नीट करा, सौर पॅनेल त्यानंतर. वर सांगितलेल्या गावाला पंप नीट असताना सुमारे १३ किलोवॉटचे पॅनेल पुरतात, कारण आपल्याकडे एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरता येतात. तोच पंप झिजलेला असेल तर २० किलोवॉट घ्यावे लागतील. पाणीयोजनेला महागड्या बॅटरीची गरज नाही. दिवसा उन्हात टाकी भरून ठेवली की झाले. पण घाटमाथ्यावर आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ऊन हरवते, त्यामुळे महावितरणची जोडणी काढून टाकू नका. विहीर शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीवर असेल तर थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि तीही बऱ्याच ठिकाणी पाळीने रात्री. अशा गावांना दिवसाची सौरवीज विशेष उपयोगी पडते. पॅनेल धुवायला कोण चढणार आणि माकडांचा बंदोबस्त काय, हेही आराखड्यात लिहावे लागते. हसू नका, लिहावे लागते.

शहरातल्या गृहनिर्माण संस्थांना हाच हिशेब जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याचे पंप यांना लागू होतो. छतावरच्या सौरऊर्जेसाठी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठरवलेले आहे. गच्चीवर सावली कुठे पडते ते आम्ही आधी बघतो, कारण पाण्याच्या टाकीची सावली अर्ध्या ओळीची वीज खाते.

आम्ही काय करत नाही

अनुदान "मिळवून" देत नाही. पंप किंवा पॅनेलच्या कंपनीकडून कमिशन घेत नाही. आमची फी आधी लेखी ठरते आणि ती योजनेच्या खर्चाच्या टक्क्यांत नसते, नाहीतर खर्च वाढला की आमचा फायदा वाढेल. ठेकेदाराचे बिल मंजूर करणे आणि मापन पुस्तिकेवर सही करणे हे संबंधित खात्याच्या अभियंत्याचे काम आहे. तुमच्या वतीने चर बुजवण्याआधी पाइपाची खोली मोजणे, दाब चाचणीला हजर राहणे आणि पाइपावरचा शिक्का निविदेशी ताडून पाहणे हे आम्ही करतो.

पहिल्या भेटीला येताना

मागच्या १२ महिन्यांची वीजबिले, नळजोडण्यांची यादी, पाणीपट्टीची मागणी आणि वसुली, टाकीची क्षमता आणि मोटार दुरुस्तीच्या पावत्या घेऊन या. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला सोबत आणा. कोणत्या आळीला पाणी पोहोचत नाही आणि कोणता व्हॉल्व्ह आवळून ठेवलेला आहे हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. पहिली बैठक आणि बिलांची प्राथमिक तपासणी यासाठी आम्ही पैसे घेत नाही. उपसा चाचणी करायची असेल तर मार्च संपायच्या आत कळवा, कारण एप्रिल-मेमधले दिवस लवकर भरतात.