रिपोर्ट नॉर्मल, दुखणं चालूच, आणि डॉक्टर गप्प

कंबर, मान किंवा पाय तीन महिन्यांहून जास्त काळ दुखत राहिले की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट वेदना म्हणतं. बहुतेक इजा तोवर भरून आलेल्या असतात. गुडघ्याची झीज किंवा संधिवात असेल तर कारण चालूच राहतं, पण अनेकांच्या बाबतीत कारण मागे पडतं आणि वेदना मात्र उरते. चेतासंस्थेचे संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली प्रयोगांतून दाखवलं, की वेदनेचे संदेश सतत येत राहिले तर मज्जारज्जूतल्या चेतापेशीच जास्त संवेदनशील होतात. मग साधा स्पर्शही बोचतो आणि दुखरा भाग पसरत जातो. एमआरआयमध्ये हाडं, मणक्यांमधल्या चकत्या, नसा दिसतात, ही वाढलेली संवेदनशीलता दिसत नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे डॉक्टरांचं वाक्य आणि ‘मला दुखतंय’ हे रुग्णाचं वाक्य, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

उलटही घडतं. कसलंही दुखणं नसलेल्या ३,११० माणसांच्या मणक्याच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांची चकती फुगलेली दिसली. म्हणून फिल्म पाहून डॉक्टर फारसं बोलत नाहीत तेव्हा दर वेळी तो निष्काळजीपणाच असतो असं नाही. पण हे समजावून सांगायला लागतात चार मिनिटं, आणि तीच त्यांच्याकडे नसतात. जगभरातल्या प्राथमिक सल्ल्यांच्या वेळेचा आढावा २०१७ साली घेतला गेला, त्यात भारतातली सरासरी सुमारे दोन मिनिटं निघाली. नाशिकच्या मुंबई नाका किंवा शरणपूर रोडवरच्या ओपीडीत सोमवारी सुरगाणा, कळवण, मालेगावहून आलेले पेशंट सकाळपासून नंबर लावून बसलेले असतात. तिथे हा आकडा पटायला वेळ लागत नाही.

दोन मिनिटांत ‘खूप दुखतंय हो डॉक्टर’ या वाक्यातून काहीच पोचत नाही, कारण बाहेर बसलेले सगळे तेच सांगणार असतात. वेदना मोजता येत नाही, पण तिच्यामुळे काय बंद पडलं ते मोजता येतं. अंबडच्या कारखान्यात प्रेस मशीनवर काम करणाऱ्याने ‘दोन तासांवर उभं राहता येत नाही, पूर्वी आठ तासांची शिफ्ट काढायचो’ असं सांगितलं, किंवा दिंडोरीकडे छाटणीला जाणाऱ्या बाईंनी ‘हात खांद्याच्या वर नेला की पाच मिनिटांत मुंग्या येतात’ म्हटलं, की डॉक्टरांना तपासणीची दिशा मिळते.

हे सगळं अर्ध्या पानावर लिहून न्यावं. अर्धंच, कारण पूर्ण पान वाचलं जात नाही. वर आपलं वय, वजन, रक्तदाब-मधुमेह आहे का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी. मग दुखण्याचं वर्णन, साधारण असं: ‘कंबर, उजवी बाजू. मांडीमागून पोटरीपर्यंत झिणझिण्या. १४ महिने. २० मिनिटं बसलं की वाढतं, चाललं की कमी. सकाळी १० मिनिटं आखडतं. रात्री दोनदा जाग.’ यातला सकाळच्या आखडण्याचा आकडा कधीही गाळू नये. वयाच्या पंचेचाळिशीआधी सुरू झालेली कंबरदुखी, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा, विश्रांतीने न जाणारं पण हालचालीने सैल होणारं दुखणं, पहाटे येणारी जाग हे सगळं एकत्र असेल तर मणक्याच्या संधिवाताची शक्यता असते. ते काम ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं. अशी माणसं हाडांच्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं पट्टा आणि शेक घेत राहतात.

त्याखाली तीन आकडे लिहावेत: गेल्या आठवड्यात सरासरी वेदना किती, तिने जगण्याची मजा किती हिरावली, रोजच्या कामात किती अडथळा आला. प्रत्येकाला ० ते १० मधले गुण द्यायचे आणि तिन्हींची सरासरी काढायची. ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. पुढच्या भेटीत ही सरासरी सुमारे ३० टक्क्यांनी उतरली, म्हणजे समजा ७ वरून ५ वर आली, तर उपचाराचा खरोखर उपयोग झाला असं धरतात. शून्यावर येईल या आशेने थांबणारे चांगली चाललेली गोळीही ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडतात. नोंदी रोज संध्याकाळी एकदाच कराव्यात. तासातासाला मोजत बसलं की लक्ष तिथेच राहतं आणि दुखणं वाढल्यासारखं वाटतं.

सर्वांत जास्त घोळ औषधांच्या यादीत होतो. नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवस घेतलं आणि का थांबवलं, हे पाचही हवं. नसांच्या वेदनेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन बहुधा रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, आणि परिणाम कळायला काही आठवडे जातात. पाचव्या दिवशी तोंड कोरडं पडलं म्हणून बंद केलेली गोळी ‘अपयशी’ ठरत नाही, ती नीट वापरून झालेलीच नसते. डॉक्टरांना मात्र ‘ती घेतली होती, फरक नाही’ एवढंच कळतं आणि ते पुढची लिहून देतात. ड्युलॉक्सेटीन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलीन ही औषधं नैराश्यावरही देतात. चिठ्ठी मेडिकलवाल्याने वाचली की ‘म्हणजे डॉक्टरांना माझं दुखणं मनाचं वाटतं’ असा समज होतो. तसं नाही. मेंदूकडून मज्जारज्जूकडे येणाऱ्या, वेदना दाबणाऱ्या मार्गांना ती बळ देतात. लिहून देताना हे एक वाक्य बोललं गेलं असतं तर कितीतरी गोळ्या कचऱ्यात गेल्या नसत्या. आणि या गोळ्या किंवा नसांच्या वेदनेवरचं प्रीगॅबॅलिन बरेच दिवस घेतलेलं असेल तर एका दिवसात तोडू नये, मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्याही यादीत याव्यात, लाज न बाळगता. अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची जोडगोळी आणि वर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, म्हणजे एकाच जातीची दोन वेदनाशामकं झाली. पोटात अल्सर आणि मूत्रपिंडावर ताण, दोन्हींचा धोका वाढतो. प्रौढाला पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, रोज दारू घेणाऱ्याला त्याहून कमी, आणि सर्दीच्या गोळीतलंही त्यात मोजायचं. कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या, नाव नसलेल्या ‘वाताच्या पावडरी’त कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं असेल तर तेच कारण असू शकतं. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावी, कारण स्टेरॉइड अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं.

आत गेल्यावर आधी पेशंटने बोलावं, सोबत आलेल्याने नंतर. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण बायकांचं दुखणं बऱ्याचदा नवरा किंवा मुलगा सांगतो आणि ‘टेन्शन घेतात फार’ इथेच विषय संपतो. कागद पुढे करून तीन प्रश्न विचारावेत: ‘तुम्हाला कारण काय वाटतं? ही गोळी किती दिवसांत लागू पडायला हवी? नाही पडली तर पुढे काय करायचं?’ तिसरा सर्वांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर केसपेपरवर लिहून घेतलं की पुढची भेट पहिल्यापासून सुरू होत नाही. मागितलेली तपासणी डॉक्टरांनी नाकारली तर वाद नको. ‘सध्या का नको ते पेपरवर लिहाल का?’ एवढं नम्रपणे विचारलं तरी बहुतेक वेळा कारण समजतं.

भेटीनंतरच्या शांततेची गोष्ट वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपवर एमआरआयचे बारा फोटो आणि चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज गेला की उत्तर येत नाही, यात नवल नाही. नाव, वय, शेवटच्या भेटीची तारीख, चालू गोळी, काय बिघडलं आणि एकच प्रश्न, एवढं पाच ओळींत लिहावं. दोन दिवस उत्तर नाही आलं तर ओपीडी संपायच्या सुमारास रिसेप्शनला फोन करून ‘फोनवरचा सल्ला हवाय, फी किती?’ असं सरळ विचारावं. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा सल्ला अधिकृत आहे आणि डॉक्टर त्याची फी घेऊ शकतात. फुकटच्या मेसेजपेक्षा फीच्या फोनला उत्तर लवकर मिळतं, हे कडू असलं तरी खरं आहे. अपवाद ट्रामाडॉलसारख्या औषधांचा: ते २०१८ पासून अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याखाली आहे आणि अशी औषधं दूरसल्ल्यावर लिहून देता येत नाहीत. म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी प्रत्यक्ष भेटीची वेळ घ्यावी.

काही वेळा मात्र उत्तराची वाट पाहायचीच नाही. जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, पायातली ताकद अचानक जाणं: यात मणक्याच्या तळाच्या नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं. थेट त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयाचा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा, नाहीतर १०८ ला फोन करावा. वेदनाशामक घेताना शौच डांबरासारखं काळं झालं तरी तसंच. ताप, वजन घटणं आणि न थांबणारी पाठदुखी एकत्र असेल तर मणक्याचा क्षयरोग वगळायला हवा. तिथेही आठवडे घालवू नयेत.

अशा दोन नीट तयारीच्या भेटींनंतरही त्या तीन प्रश्नांना उत्तर मिळत नसेल तर डॉक्टर बदलणं योग्य. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, त्यासाठी पहिल्या डॉक्टरांची परवानगी लागत नाही. वेदनातज्ज्ञ बहुधा मूळचे भूलतज्ज्ञ असतात. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात किंवा आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करताना ‘भूलशास्त्र विभागाची पेन ओपीडी आहे का, कोणत्या वारी?’ असं विचारावं, नुसतं ‘दुखण्याचे डॉक्टर’ म्हटलं की हाडांच्या विभागात पाठवतात. ईएसआयचं कार्ड असलेल्यांनी सातपूरच्या कामगार रुग्णालयातून पुढची चिठ्ठी मागावी. अ‍ॅडमिट झालेल्या रुग्णाची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत, असं २००२ च्या वैद्यकीय आचारनियमावलीत आहे; अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ओपीडीचे कागद मात्र आपणच जपायचे, फिल्मसोबत सीडीही मागून घ्यायची. नव्या डॉक्टरांपुढे जुन्यांची तक्रार मांडण्यात दोन मिनिटं घालवू नयेत.

तक्रारीचा रस्ता आहे, पण तो उशिरा आलेल्या उत्तरासाठी नाही. हाती घेतलेल्या रुग्णाची हेळसांड करू नये आणि पुरेशी सूचना दिल्याशिवाय त्याला सोडू नये, असं तीच नियमावली सांगते. ते खरोखर घडलं असेल तर आधी रुग्णालयाकडे लेखी तक्रार द्यावी. तिथे दाद लागली नाही तर शहरातल्या खासगी रुग्णालयासाठी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जावं, आणि डॉक्टरांच्या वर्तणुकीबद्दल मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि तिथे घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.